बाप्तिस्म्याचा रविवार

चार रात्रींची ड्यूटी संपवून करुणा इस्पितळातून थेट देवळात आली. अंगावर परीटघडीचं पातळ होतं, पण केसांना फिनेलचा वास तसाच होता. परळचे ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला देऊळच म्हणत, आणि त्या देवळातला बायकांच्या बाजूचा तिसरा बाक शिरसाठांचा. आईच्या खांद्याला खांदा लावून करुणा बसली तेव्हा तिला वाटलं, आपण बाकावर नाही, पाण्यावर तरंगतो आहोत. उंच खिडक्यांतून जानेवारीचं कोवळं ऊन तिरपं खाली आलं होतं आणि त्यात कापसाचे बारीक तंतू हलकेच वरखाली होत होते. रविवारी गिरण्या बंद असत, पण परळच्या हवेतला कापूस काही सुट्टी घेत नसे.

पुढे तिचा थोरला भाऊ दीनबंधू आणि वहिनी सुगंधा उभे होते. वहिनीच्या कुशीत तीन महिन्यांची मुलगी. पाळकसाहेबांनी पितळी वाटीत बोटं बुडवली, मुलीच्या कपाळावर पाणी ठेवलं आणि तिचं नाव उच्चारलं, मुक्ता. मूल रडलं नाही. त्याने एक लांबलचक जांभई दिली. ती जांभई बघून करुणालाही जांभई आली आणि आईने तिला कोपराने ढोसलं.

"जागी राहा गं," आई पुटपुटली. गुणवंतीबाई मिशनच्या बायबलबाई. वीस वर्षं चाळीचाळींतून फिरून त्या बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगत, आजाऱ्यांपाशी बसत. उपासनेत कुणी पेंगलेलं त्यांना खपत नसे.

पाळकसाहेब बोलू लागले. त्यांचा आवाज करुणाला दूरवरून, गल्लीच्या टोकाहून आल्यासारखा वाटत होता.

"गेल्या पंधरवड्यात या वस्तीनं काय पाहिलं ते मी सांगायला नको. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर जाहीर झालं, आणि आपल्या दारासमोर गोळ्या चालल्या. या चळवळीत आपण मंडळीनं कुठं उभं राहावं, यावर आपल्यात मतभेद आहेत. पण त्या बुधवारी आपल्या शांतवन मास्तरांनी देवळाचं फाटक उघडलं आणि एकतीस जिवांना आत घेतलं. आज त्यांच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. प्रभूनं घातलेला हा हिशेब नव्हे, ही त्याची कृपा. मास्तर, आता प्रभूची प्रार्थना तुम्हीच चालवा."

बाबा उठले. बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी नाही म्हणून उघडं पडलेलं पांढरं कपाळ. तीस वर्षं मराठी शिकवलेला तो आवाज अर्ध्या परळच्या कानात बसलेला होता. त्यांनी डोळे मिटले, सुरुवात केली. सगळं देऊळ त्यांच्यामागून संथपणे म्हणू लागलं. रोजची भाकर मागून झाली. पुढे क्षमेची ओळ होती. बाबा तिथपर्यंत आले आणि थांबले.

लोकही थांबले. कुणाला वाटलं, खोकला आला असेल. बाबा तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे होते. तेवढ्या शांततेत बाहेर कुठे तरी नळाखाली बादली भरत असल्याचा आवाज आला. शेवटी बायकांच्या बाजूने सुंदराआत्याने, बाबांच्या थोरल्या बहिणीने, आपल्या खणखणीत नगरी आवाजात तीच ओळ उचलली आणि सगळी प्रार्थना एकटीच्या जोरावर शेवटाला नेली. बाबा खाली बसले.

करुणाची झोप उडाली. बाबा का थांबले, हे त्या देवळात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

तिच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर लवू होता. त्यांच्याच चाळीतला, कौसल्याबाईंचा मुलगा. वय चोवीस, गिरणीत साच्यावर बदली कामगार. त्या बुधवारी गोळी लागून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. तिसऱ्या दिवशी करुणा त्याचं ड्रेसिंग बदलत होती, तेव्हा तो छताकडे बघत सहज बोलावं तसं बोलला, "फाटकाच्या गजाला माझा हात होता. मी हाक पण मारली, मास्तर, मी लवू. ते माझ्याकडे बघत होते. मग मागे सरकले." करुणाच्या हातातली पट्टी सुटली. तिने ती उचलली, टाकून दिली, दुसरी घेतली. "आईला सांगू नको," लवू म्हणाला. "तिला मास्तर देवासारखे." त्यानंतर तो त्या विषयावर एक शब्द बोलला नाही, आणि तीही नाही. आठ दिवस ती घरी येई, बाबांना चहा देई आणि त्यांच्याकडे न बघता झोपी जाई.

*

दुपारी चाळीतल्या दोन खोल्यांत पंगती उठल्या. मटणाचा रस्सा, पुरणपोळ्या. जिन्यापर्यंत माणसं. सगळ्यांच्या तोंडी बाबांचीच गोष्ट. खालच्या मजल्यावरचे रामदास फिटर ढेकर देत म्हणाले, "मास्तर, तुमच्या लोकांना आम्ही गोऱ्या साहेबाचे समजत होतो. मी माझे शब्द मागे घेतो." दीनबंधूचा चेहरा फुलून आला. तो मिशनच्या कचेरीत कारकून होता. मिशनने चळवळीपासून लांब राहायचा हुकूम काढला होता, चाळीने त्याच्याशी बोलणं कमी केलं होतं. या एका फाटकाने त्याची दोन्हीकडची कोंडी फोडली होती.

बाबा खिडकीपाशी बसून होते. ताट पुढे होतं, पोळी मोडलेली नव्हती.

मग कौसल्याबाई आल्या. मागे त्यांची मुलगी चंपा, सतरा-अठराची, पदर दातांत धरून. कौसल्याबाईंनी मुक्ताला स्वतः शिवलेलं झबलं घातलं, तिच्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली, खोबऱ्याच्या वड्यांची ताटली गुणवंतीबाईंच्या हातात दिली, आणि सरळ जाऊन बाबांच्या पायांशी वाकल्या.

बाबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "नको, कौसल्याबाई. माझ्या पाया नको."

"कित्या नको? माज्या चेडवाक, ह्या चंपाक, तुमी आत घेतलात. झिलाचा, लवूचा, नशीब खोटा, तो भायर रवलो. पण चेडू वाचला ता तुमच्या हातान." त्यांनी डोळे पुसले. "तुमका ताप होतो म्हणान तुमी लवूक बघूक येवक नाय, ता माका ठावक आसा. तो तुमची आठवण काढता. बरे झालात की येवा. आमी आता चारच्या टायमाक थयच जातंव."

चंपा उंबऱ्याबाहेरच उभी होती. करुणाने तिला आत ये म्हटलं, तर ती मान हलवून आणखी मागे सरकली.

शेवटचा पाहुणा जिना उतरला तेव्हा बाबा उठले. त्यांनी दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. घरात आता घरचीच माणसं. आई, आत्या, दादा, वहिनी, करुणा आणि पाळण्यातली मुक्ता. उष्ट्या पत्रावळींवर ऊन पडलं होतं. करुणाला पुन्हा तरंगल्यासारखं झालं. सगळी माणसं तिला काचेपलीकडची वाटू लागली, आवाज मात्र लख्ख ऐकू येत होते.

"मला ताप नव्हता," बाबा म्हणाले. "मी लवूला बघायला गेलो नाही, कारण मला जायला तोंड नाही. तो बाहेर राहिला नाही. मी त्याला बाहेर ठेवला."

मग त्यांनी सांगितलं. वर्गात धडा समजावून द्यावा तसं, एकामागून एक, काही न गाळता. लोक धावत आले. फाटक त्यांनी उघडलं. बायका, म्हातारे, हातगाडीवाले आत घुसले. लवू बाहेर कोपऱ्यावर पडलेल्या एका केळीवाल्या म्हाताऱ्याला उचलायला मागे फिरला होता. तेवढ्यात पोलिसांची लॉरी वळणावर आली. लवूने म्हाताऱ्याला फटीतून आत ढकललं. आणि त्याच क्षणी बाबांनी फाटक लोटून कडी घातली.

"तो तीन पावलांवर होता. तीनही नाही. त्याचा हात गजाला लागला होता. माझा हात कडीला होता. एवढंच करायचं होतं." त्यांनी हवेत कडी वर उचलून दाखवली. "मी मागे सरकलो."

पाळणा करकरत होता. सुगंधाने हात लावून तो थांबवला.

"बाबा," दीनबंधू हलकेच म्हणाला, "तुम्ही कडी काढली असती तर लॉरी फाटकावर आली असती. आतली एकतीस माणसं..."

"आली असती. कदाचित नसतीही आली. ते मला आता कधीच कळणार नाही."

"आतली माणसं काय म्हणत होती? ती ओरडत नव्हती, लावा म्हणून?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "कोण काय ओरडलं ते मी सांगणार नाही. कडी माझ्या हातात होती."

"मग झालं ना!" दीनबंधूचा आवाज चढला. "तुम्ही एकट्यानं का अंगावर घ्यायचं? आणि आता सांगून काय होणार? त्याचा पाय परत येणार आहे? आज पहिल्यांदा या चाळीनं आपल्याला आपलं म्हटलं. उद्या हेच लोक म्हणतील, बघा, ख्रिस्त्यांनी दार लावून घेतलं. तुमचं एकट्याचं नाव नाही जाणार, सगळ्या मंडळीचं जाईल. या मुलीला याच चाळीत वाढायचंय."

"दीनू बोलतो ते खोटं न्हाई," सुंदराआत्या म्हणाली. ती नगरहून बाप्तिस्म्यासाठी म्हणून आली होती आणि आल्यापासून सगळ्यांना कामाला लावत होती. "शांतवन, देवापाशी कबूल हो. पाळकापाशी हो. चव्हाट्यावर कशापायी?"

बाबांनी आईकडे पाहिलं. गुणवंतीबाई पत्रावळी गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "झोपेत तुम्ही रोज त्याचं नाव घेता. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता." त्यांनी पत्रावळींची चळत भिंतीशी ठेवली. "हे बाहेर गेलं तर उद्यापासून मला कुणी दारात उभं करणार नाही. वीस वर्षं मी या बायकांना सांगत आले, ठोठावलं की दार उघडतं. कुठल्या तोंडानं सांगू आता?"

"म्हणजे तूही नको म्हणतेस," बाबा म्हणाले.

"मी अजून काहीच म्हटलेलं नाही."

करुणा बोलली तेव्हा तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. "लवूला माहीत आहे."

सगळे तिच्याकडे वळले.

"त्यानं मलाच सांगितलं. तिसऱ्या दिवशी. त्यानं तुम्हाला ओळखलं होतं, बाबा. आईला सांगू नको, म्हणाला. तिला तुम्ही देवासारखे."

बाबांनी दाराचा आधार घेतला. "आणि तो गप्प राहिला," ते म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला!" दीनबंधू जवळजवळ हसला. "त्यानंच झाकलंय. बाबा, त्याची इच्छा आहे तशी. तुम्ही कोण ती मोडणारे?"

त्याचं म्हणणं खोलीभर पसरलं, आणि क्षणभर सगळ्यांनाच ते पटलं. करुणालाही पटलं. सगळं किती सोपं होतं. लवू बोलणार नाही, बाबा बोलणार नाहीत, ती बोलणार नाही. ऊन असंच येत राहील. मुक्ता मोठी होईल, शाळेत जाईल, आणि तिला कुणीतरी सांगेल, तुझ्या आजोबांनी एकतीस माणसं वाचवली. तेही खरंच असेल.

सुंदराआत्याने हे सगळं मोडलं. ती एकदम उठून उभी राहिली. साठी गाठलेली बाई, पण उठली की घर भरून जाई.

"न्हाई," ती म्हणाली. "माझं चुकलं. दीनू, तुला तुझ्या आज्याचं ठाऊक न्हाई. मोठ्या दुष्काळात गावानं आम्हाला आडाला शिवू दिलं न्हाई. बाप मला खांद्यावर घेऊन नगरला चालत आला. मी इतुकली. आधीच्या दोन दारांनी हाकललं. मिशनचं फाटक तेवढं उघडं होतं. शास्त्र काय, येशू कोण, बापाला काय ठाऊक! फाटक उघडं होतं म्हणून तो आत गेला, अन् म्हणून आपण आज हितं बसून मटण खातोय." तिचा श्वास फुलला. "त्या पोराचं तोंड त्यानं स्वतःहून बांधून घेतलं, तर तू म्हणतोस बांधलेलंच राहू दे? पाय त्याचा गेला, अन् ओझंबी त्यानंच वाहायचं?"

दीनबंधू पाळण्याशी जाऊन बसला आणि मुलीच्या नव्या झबल्याची नाडी उगाच सोडबांध करू लागला.

बाबांनी खुंटीवरची छत्री घेतली, परत ठेवली. कशाला घेतली होती तेही त्यांना उमगलं नसावं.

"चार वाजायला आले," ते म्हणाले.

"जा," गुणवंतीबाई म्हणाल्या. त्यांनी झाकलेलं ताट त्यांच्यापुढे आणून ठेवलं. "पण दोन घास खाऊन जा. सकाळपासून उपाशी आहात. तिथं जाऊन घेरी आली तर लोकांनी तुम्हालाच पाणी पाजायचं का?"

त्या समोर बसून राहिल्या. बाबांनी अर्धी पोळी खाल्ली. मग दोघी-तिघी दारापर्यंत आल्या, पण सोबत करुणाच निघाली.

*

रस्त्यावर विटांचे तुकडे अजून कडेला लोटलेले होते. बंद गिरणीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली मोठाली अक्षरं होती, मुंबई आमची. बाबा तिथे थबकले. करुणाला वाटलं, यांना भोवळ येतेय. पण ते अक्षरं बघत होते.

"हे लवूचं अक्षर," ते म्हणाले. "सहावीत होता माझ्याकडे. 'मुं'वरचा अनुस्वार असाच गोल काढायचा, बांगडीसारखा. मी किती छड्या मारल्या, पण गेला नाही."

करुणाने त्यांचा हात धरला. लहानपणी ती तो धरून चालायची, त्यानंतर आजच. पायांखालचा रस्ता तिला मऊ लागत होता. उन्हात सगळं परळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ आणि हलकं दिसत होतं, आणि ती आणि बाबा त्यातून न बोलता चालले होते.

वॉर्डात भेटीची गर्दी होती. लवूच्या खाटेशी कौसल्याबाई स्टुलावर, चंपा खिडकीपाशी. लवू उशीला टेकून बसला होता. चादरीखाली एका बाजूला उंचवटा होता, दुसऱ्या बाजूला नव्हता. बाबांची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली.

"आयलात मास्तर!" कौसल्याबाई लगबगीने उठल्या. "बसा, हय बसा."

"मी उभाच बरा." बाबांनी हात जोडले. देवळात जोडत त्याहून वेगळे, छातीशी घट्ट. "कौसल्याबाई, लवू बाहेर राहिला नाही. तो फाटकाशी आला होता. मी त्याला पाहिलं, ओळखलं. आणि फाटक उघडलं नाही. मी भ्यालो. तुमच्या मुलाचा पाय माझ्यामुळे गेला."

कौसल्याबाईंना ते लगेच कळलं नाही. त्या हसऱ्या चेहऱ्यानेच बघत राहिल्या, आणि मग ते हसू त्यांच्या चेहऱ्यावरून कुणीतरी हाताने पुसून न्यावं तसं गेलं. त्यांनी लवूकडे पाहिलं. लवूने डोळे खाली घातले.

"खरा आसा, रे?"

लवूने चादर वर ओढून घेतली. तेच उत्तर होतं.

"देवळाचा दार," कौसल्याबाई म्हणाल्या. आवाज लहान होता, पण शेजारच्या दोन खाटांवरची माणसं गप्प झाली. "देवळाचा दार लावलात तुमी. माज्या झिलाच्या तोंडार. आणि मी आज तुमच्या पायार डोक्या ठेवूक वाकलंय. पाय मागे घेतलात, त्येचो अर्थ ह्यो होतो काय?"

"हो."

"मास्तर, तुमी त्येका हाताक धरून अक्षरां शिकयलात ओ!"

बाबांनी क्षमा मागितली नाही. करुणाला नंतर पुष्कळदा वाटे, ते मागायला आले होते, पण तो शब्द त्यांना फार स्वस्त वाटला असावा.

"आई, त्यांना बोलू नको." खिडकीपाशी चंपा बोलत होती. पदर दातांतून सुटला होता. "मीच ओरडले. लावा, मास्तर लावा, असं मीच ओरडले. सगळ्यात पुढे मी होते. लॉरी दिसली आणि मी त्यांच्या कोटाला धरून हलवलं. दादा तिथे आहे हे मला... कडी घातल्यावर दिसला. मग माझा आवाजच फुटला नाही." ती भिंतीला टेकली आणि घसरत खाली बसली. "मास्तरांना सगळं माहीत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

आता कौसल्याबाईंच्या चेहऱ्याकडे बघवेना. एक मूल खाटेवर, एक मूल जमिनीवर, आणि मध्ये ही. करुणा पुढे झाली, पण कौसल्याबाईंनी हातानेच तिला थांबवलं. त्या वाकल्या, चंपाच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. रडू तिचं होतं की आईचं, कळत नव्हतं.

"चंपे, गप," लवू म्हणाला. "तू ओरडली नसतीस तर दुसऱ्या कुणी तरी ओरडलं असतं. मी आत असतो तर मी पण ओरडलो असतो." मग तो बाबांकडे वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला धार आली. "मास्तर, दार लावलंत त्याचा मला राग नाही. खरंच नाही. गोळी समोर असली की माणूस माणूस राहत नाही, ते मी बघितलंय. पण नंतर? नंतर तर कुठे गोळी नव्हती. अकरा दिवस मी या दाराकडे बघतोय. कुणी आलं की वाटायचं, मास्तर आले. तुम्ही आला नाहीत. त्याचा राग आहे."

बाबांनी खाली बघत, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखी मान हलवली.

तेवढ्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. ड्यूटीवरची सिस्टर टाळ्या वाजवत आली. "चला, चला! एका पेशंटकडे एकच माणूस. बाकीचे बाहेर."

रोज मागे राहणारं माणूस म्हणजे कौसल्याबाई. लवूला भरवून, त्याचा डोळा लागल्यावरच त्या निघत. त्यांनी पदराने चंपाचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. स्टुलाखालची कापडी पिशवी उचलली. त्यातून डबा काढून खाटेशेजारच्या फळीवर ठेवला.

"आज हे रवतले," त्या सिस्टरला म्हणाल्या. बाबांकडे त्यांनी पाहिलं नाही. "पेज आसा. हळूहळू भरवूक होयी. घाई केली तर ओकता."

"आई, मला हातानं खाता येतं," लवू म्हणाला.

"तुका गप रवाक सांगलंय."

त्या चंपाला घेऊन चालू लागल्या. करुणा त्यांच्यामागून निघाली. दारापाशी तिने वळून पाहिलं. बाबा अजून उभेच होते. लवूने पायथ्याशी पडलेलं स्टूल खाटेला टेकवून ठेवलेल्या काठीने त्यांच्या बाजूला सरकवलं. मग बाबा बसले.

जिना उतरताना कौसल्याबाई मध्येच थांबल्या. कठड्याला धरून त्यांनी श्वास घेतला.

"करुणा, मी माफ केलंय असा समजू नको. माफ केलंय की नाय, ता माका अजून ठावक नाय. उद्या उठान कदाचित तुझ्या दारात येवन मी गाळी घालीन. सगळ्या चाळीक सांगीन."

"सांगा," करुणा म्हणाली.

"पण त्यो माणूस अकरा दिवस खंय जेवलोसो दिसणा नाय. लवूय जेवना नाय. दोघांकय येकमेकांका बघत उपाशी कशाक ठेवू?"

बाहेर संध्याकाळ झाली होती. चंपा दोघींच्या मध्ये आली, एका हाताने तिने आईचा हात धरला, दुसऱ्याने करुणाचा. लांब कुठे तरी मंडपाशिवायच सभा भरली होती. माणसांचा एकत्र आवाज समुद्रासारखा येत होता, जात होता. तीन बायका रस्त्याच्या कडेने हळूहळू चालू लागल्या. करुणाचे डोळे मिटत होते. चालता चालताच ती झोपेत उतरत होती, आणि दोन्ही बाजूंनी कुणीतरी तिला सांभाळून घराकडे नेत होतं.